शेजारची जागा

तबीथाबाईंनी चर्चमध्ये नेहमीसारखी बाकावर शेजारच्या जागेवर शाल पसरली. नवरा आणि मुलगा तिथंच बसायचे. दोघंही गेले, वंश खुंटला, तरी कुणी ‘जागा रिकामी आहे का?’ असं विचारलं की त्या म्हणायच्या, “माणसं आहेत इथं.”

नाताळच्या भक्तीत पाळकसाहेब म्हणाले, “येशूची वंशावळ लांबलचक आहे, आज सोडून देऊ.”

“सोडू नका, साहेब!” तबीथाबाई उभ्या राहिल्या. “त्यात रूथ आहे. परमुलखातली, विधवा, पदरी मूल नाही. पुढे तिचं दुसरं लग्न झालं, आणि ‘तुझ्या वंशातून सगळ्या जगाला आशीर्वाद मिळेल’ हा अब्राहामाला दिलेला शब्द देवानं तिच्याच कुशीतून पुढे नेला.”

पाळकसाहेब एकेक नाव वाचू लागले. रूथचं नाव आलं आणि तबीथाबाईंनी डोळे पुसत मागे पाहिलं. दाराशी एक अनोळखी बाई लेकराला घेऊन ताटकळत उभी होती.

तबीथाबाईंनी शाल उचलली. “ये गं, बैस. जागा रिकामी आहे.”