श्रीयुत हाडके

"चंद्र दिसतोय का बघा हो," सुमतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

हरिहर मास्तर गॅलरीत बसून स्वतःच्याच गोष्टीवर खूश होते. भाऊबीजेचा चंद्र खाडीवर आला होता, नखाएवढा.

"दिसतोय. थोड्या वेळात बुडेलही. त्याआधी ही गोष्ट ऐक. उद्या टपालात टाकायचीय."

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी मास्तरही कल्याणच्या शाळेतून सुटले. जन्मभर शास्त्र शिकवलेलं. मग डोंबिवलीत बिऱ्हाड करून ते बालसाहित्यिक व्हायला निघाले. निघाले म्हणायचं, कारण अजून पोचले नव्हते. साबणाला फेस का येतो वगैरे त्यांचे लेख मुलांच्या मासिकाने साभार परत केले होते. माहिती उत्तम आहे, संपादक म्हणाले, पण गोष्ट कुठे आहे? मास्तर आठवडाभर घुश्शात होते. मग आज सकाळी त्यांना प्रयोगशाळेच्या कपाटातला हाडांचा सापळा आठवला, आणि ते जेवायला हाक मारली तरी उठेनात.

सुमतीबाई तबक घेऊन बाहेर आल्या. निरांजन, सुपारी, अक्षता. भाऊ जवळ नसला की बहीण चंद्राला ओवाळते, तसं त्या दरवर्षी ओवाळत. त्यांचा थोरला भाऊ मधु त्यांच्या लग्नानंतर नोकरी शोधायला मुंबईला गेला, तो पुन्हा दिसलाच नाही. त्याचं श्राद्ध घालावं असं कुणी सुचवलं की त्या भरल्या पानावरून उठून जात. परगावी आहे, एवढंच म्हणत. मास्तरांना मेहुणा आठवायचा तो लग्नातला. कानपिळ्या म्हणून त्याने यांचा उजवा कान असा पिळला होता की संध्याकाळपर्यंत लाल होता.

"वाचा," त्या पाटावर टेकत म्हणाल्या.

मास्तरांनी आवाज बदलला. वर्गात त्यांनी असा आवाज कधी काढला नव्हता. काढला असता तर मुलं जागी राहिली असती.

"'मुलांनो, मी श्रीयुत हाडके. मी कपाटात राहतो. माझं वय वीस. ते आता वाढत नाही.'"

सुमतीबाई हसल्या. मास्तरांना चेव आला. मणके, बरगड्या, गुडघ्याची वाटी, सगळ्यांचं भाषण झालं.

"'आता माझा डावा पाय बघा. नडगीचं हाड वाकडं जुळलंय ना? त्याचं असं झालं. माझ्या धाकट्या बहिणीला गाभुळलेली चिंच हवी होती. मी शेंड्याला गेलो आणि फांदी मोडली. घरी मात्र आम्ही सांगितलं, विहिरीच्या पायरीवरून घसरलो. नाहीतर तिला मार बसला असता.'"

तबकातली सुपारी घरंगळत खाली गेली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"चिंचेचं."

"कुणी कशाला सांगेल? हाड खरंच वाकडं आहे, त्या कपाटातल्या सापळ्याचं. त्याला काहीतरी कारण द्यायला हवं, म्हणून चिंच घातली. बरी नाही वाटत?"

"आईला माहीत नव्हतं," सुमतीबाई म्हणाल्या. "अण्णांना नव्हतं. तुम्हालासुद्धा मी कधी बोलले नाही. मधुदादाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, पाय काय कुणाचेही मोडतात. खेड्यातल्या हाडवैद्याने बांधले की वाकडेच जुळतात. आणि चिंचेवर कोण चढत नाही? याला योगायोग म्हणतात."

वर्गात हे वाक्य ते खणखणीत म्हणत. आज ते त्यांचं त्यांनाच पटेना. कारण बाकीची गोष्ट त्यांनी खाडाखोड करत लिहिली होती, आणि चिंचेचा मजकूर तेवढा एकही शब्द न खोडता उतरला होता. कुणी सांगतंय आणि आपण लिहून घेतोय, असा. सकाळी त्यांना त्याचा केवढा आनंद झाला होता! लेखक होतात ते असेच, असं वाटलं होतं.

"तो सापळा शाळेत कधी आला?"

"आपलं लग्न झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. मी नुकताच लागलो होतो. मुंबईहून आणवला."

"कुणाचे असतात हो ते?"

मास्तरांचा हात उजव्या कानाकडे गेला. उत्तर त्यांना पाठ होतं, शेकडो मुलांना त्यांनी ते दिलं होतं. पण बेवारस हा शब्द आज तोंडातून निघेना. सुमतीबाईंनी दुसरंच विचारलं.

"मुलं घाबरतात का त्याला?"

"छे. हसतात. त्याच्या डोक्यावर टोपी घालतात." मास्तरांनी दौत जवळ ओढली. "तो चिंचेचा भाग मी काढून टाकतो."

"राहू दे. काढू नका."

खाडीपलीकडे चंद्र पार खाली आला होता. सुमतीबाईंनी निरांजन लावलं. मास्तरांनी खुर्ची सरकवून त्यांना कठड्याशी जागा करून दिली. त्या उठल्या नाहीत. वाऱ्याने ज्योत जाऊ नये म्हणून पदर आडवा धरून तशाच बसून राहिल्या. चंद्र बुडाला.

"अगं, गेला ना चंद्र! ओवाळायचं राहिलं."

"चंद्राला कशाला?" सुमतीबाई म्हणाल्या. "त्या कपाटाची किल्ली आता कुणाकडे असते?"