अंगठा लागत नाही

गिऱ्हाइकांना जेल नेलपॉलिश लावून लावून हेमलताच्या बोटांची सालं निघाली होती. शेवटी तिने पार्लरच्या मालकिणीला सांगून टाकलं, "वीणा मॅडम, डॉक्टर म्हणाले, हे काम आता सोडाच. मी निघते."

"सरी, बरं, जा मग."

बेळ्ळंदूरच्या त्या पार्लरचं दार आतूनसुद्धा मशीनवर अंगठा लावल्यावरच उघडायचं. हेमलताने लावला, तर लाल दिवा. पुसून पुन्हा लावला, तरी लालच. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

"मॅडम, दार उघडता?"

"उघडते की. आधी तेवढं ह्यांचं करून दे."

खुर्चीत येऊन बसलेल्या मुलीने हात पुढे केला. "अक्का, हे सेफ असतं ना?"

हेमलताने घाईघाईने हातमोजे चढवले.

"एकदम सेफ," ती म्हणाली.