मैनेचा रुमाल

मैना घोडी पहिल्या थांब्यावर पोचली तेव्हा तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि अंगावर फेस आला होता. तिचा मालक जयसिंग खाली उतरला. मोतद्दार रज्जाकनं आधी पोटाखालचा तंग ढिला केला, खोगीर काढलं आणि तिच्या मानेवर पाणी सोडलं.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुसतं पळून भागत नाही. खडकवासल्यामागच्या रस्त्यावर जागोजाग थांबे होते. तिथं ठरल्या वेळात घोड्याच्या छातीचे ठोके उतरले नाहीत, तर डॉक्टर त्याला बाद करत. मैना पळायला एक नंबर, पण थांबली की बिथरायची. तिला निववणं एकट्या रज्जाकला जमायचं. या खोडीपायी दोन गिऱ्हाइकांनी तिला आठवड्याच्या आत परत आणून सोडलं होतं. रज्जाकला त्याचा आनंदच झाला होता.

त्यानं गळ्यातला रुमाल सोडून तिच्या नाकावर धरला. शिंगरू असतानाच तिची आई मेली, तेव्हापासून मैना या वासात वाढली होती. त्यामुळे रुमाल कधी धुवायचा नाही. रज्जाकची बायको जैनब त्याला बजावायची, हे चिरगूट घरात आणलंत तर मी माहेरी जाईन.

मैनेनं खोल श्वास घेतला, मान खाली घातली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पास म्हणाले.

रज्जाकनं सुस्कारा सोडला. कर्वेनगरातली जागा बिल्डरला दिल्यापासून जयसिंगच्या घरात तबेला मोडायची भाषा चालली होती. काल मात्र त्यानं मैनेच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "उद्या हिनं पल्ला पुरा केला, तर ही कुठं जात न्हाई. शब्द हाय माझा."

आज सोबत जयसिंगचे सांगलीचे पाहुणे होते, संपतराव. आपल्याकडेही तापट जनावरं आहेत, म्हणून शिकायची हौस आहे, असं ते म्हणाले. रज्जाक खूश झाला. आजवर त्याच्या कामाबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं. दुसऱ्या थांब्यावर त्यानं हातचं काही राखलं नाही. पाणी मानेवर आणि पायांवर घालायचं, मागच्या पुठ्ठ्यांवर नाही, तिथं पेटके येतात. तोंड बाकीच्या घोड्यांकडून फिरवायचं. रुमाल दाबायचा नाही, नुसता धरायचा.

"आणि धुवायचा नाही," तो म्हणाला. "धुतला की गेलं सगळं."

संपतरावांनी मान डोलावली.

शेवटच्या थांब्यावर जयसिंगच म्हणाला, "नमाजाची वेळ झाली असंल. जाऊन या निवांत. रुमाल तेवढा ठिवून जा."

इतक्या वर्षांत मालकाला रज्जाकचा नमाज कधी आठवला नव्हता. झाडाआड जाऊन त्यानं आज एकच मागणं मागितलं.

तो परतला तेव्हा रुमाल संपतरावांच्या हातात होता आणि मैनेची मान त्यांच्या खांद्यावर. डॉक्टर पास म्हणून पुढच्या घोड्याकडे वळलेही होते. रज्जाकला आत कुठंतरी टोचलं. मग त्यानं स्वतःलाच दटावलं. मैना राहतेय, मग रुमाल कुणी का धरेना.

मैनेनं पल्ला पुरा केला. परतीचा ट्रक आज नेहमीचा नव्हता. खाली जाड गवत अंथरलं होतं, बाजूंना गाद्या बांधल्या होत्या. मालकानं शब्द पाळायचा म्हणजे किती पाळायचा, रज्जाकला वाटलं.

संपतराव रुमाल घेऊन पुढं झाले आणि मैना त्यांच्यामागून निमूट फळीवर चढली. रज्जाक नेहमीसारखा तिच्यामागं चढायला गेला, तोच कुणीतरी फळी ओढून घेतली आणि ट्रकचा फाळका लावला.

"मालक, मी खालीच राहिलो की," तो हसत म्हणाला.

जयसिंग लगामाचा पट्टा गुंडाळत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"रुमाल तिच्यासंगं जाऊ द्या, रज्जाकभाई. सांगलीत धुवायचा न्हाई, हे बजावून सांगितलंय मी त्यांना."