दुमडलेला हात

पाठीच्या दुखण्याने तिचा फास्ट बॉलर नवरा सहा महिने घरी बसला. बसला कसला, दिवसभर लेकीला सांभाळायचा. आता तो पुन्हा मैदानात उतरला, पण अ‍ॅक्शन पार बदलली होती. चेंडू सोडताना कंबर डावीकडे झुकायची, डावा हात वर जायच्याऐवजी दुमडून पोटाशीच राहायचा आणि चेंडू जायचा भलतीकडे. रविवारी संघाची निवड होती. काळजीपोटी लेकीला घेऊन तीही त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे गेली.

दवाखान्यात डॉक्टर आणि प्रशिक्षक त्याचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते.

"एक्स-रेमध्ये पाठ तर ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग हा हात वर का जात नाही? दुखणं मुरलंय हो. यंदा याचं नाव कापावं लागणार!" प्रशिक्षक वैतागले.

तेवढ्यात लेकीने भोकाड पसरलं. नवऱ्याने सवयीने तिला उचललं, डाव्या कडेवर घेतलं आणि उभ्या उभ्या झुलवू लागला.

प्रशिक्षकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे आणि मग ते तिच्याकडे वळले.



"सूनबाई, दुखणं-बिखणं काही नाही. हा गडी पोरीला कडेवर घेऊनच बॉलिंग टाकतोय!"