अंगावरचे टाके

राणीनं दोन्ही हात वर केले आणि बगलेखालची शिवण टर्रकन उसवली.

"झालं! कशात काय अन् फाटक्यात पाय," ठमाबाई म्हणाल्या आणि खांदे पाडून मशीनच्या स्टुलावर बसल्या.

राणी म्हणजे त्यांची सून, स्वरूपा. अंगावर कुठल्याशा इंग्रजी सिनेमातल्या, गरुडावर बसून लढाईला जाणाऱ्या राणीचा पोशाख. बारामतीच्या एका डॉक्टरांची लेक तो घालून पुण्याला जाणार होती. तिथं म्हणे सिनेमातल्यासारखी नटून ढीगभर पोरंपोरी जमतात. तिचं माप अगदी स्वरूपाचं, म्हणून स्वरूपानं घालून बघितला. मोबाईलवर सिनेमा थांबवून थांबवून दोघींनी काटेवाडीतल्या या पडवीत तो उभा केला होता. छातीवरचे चंदेरी खवले म्हणजे उसातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, चिरून रंगवलेल्या. गळ्याभोवतीची पिसं पोल्ट्रीवरनं आणलेली, धुऊन निळीत बुडवलेली. खालचा घोळ जुन्या पडद्यांचा. असल्या राण्या नि चेटकिणी शिवून शिवून ठमाबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यापेक्षा ब्लाऊज बरे, निदान त्यांना शेपटी तरी नसते.

"काढते, मशीनवर मारू," स्वरूपा म्हणाली.

"काढू नगं! चिकटवल्यालं खवलं पडत्याल. अंगावरच घालते टाका." ठमाबाईंनी रिळाचा दोरा तोडून तिच्या तोंडापुढं धरला. "धर दातात."

जित्या माणसाच्या अंगावर उगीच शिवायचं नसतं, तसं मढ्याला शिवतात. शिवायचंच झालं तर त्यानं दोरा दातात धरायचा आणि शेवटचा टाका पडेस्तोवर अवाक्षर काढायचं नाही. ठमाबाईंनी ही रीत कधी मोडली नव्हती. रविराज गेल्यापासून तर मोडायची छातीच नव्हती. एकुलता एक लेक गेलेल्या बाईनं कशाची परीक्षा बघावी?

स्वरूपानं दोरा दातात धरला. आणि ठमाबाईंच्या ध्यानात आलं, आता ही बोलू शकत नाही.

एरवी हिच्यापुढं कुणाची डाळ शिजत नसे. शेजारच्या भामाबाईनं इंदापूरच्या सिद्धूचं स्थळ आणल्यापासून ठमाबाई विषय काढत आणि स्वरूपा तो उडवून लावी. "मी गेल्यावर तुमाला च्या कोण करून देईल, आत्या?" असं सासूला म्हणायची, हसायची आणि मशीन सुरू करायची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली तरी पोरगी घरात हसती राहिली होती, आणि ते हसणं ऐकून ठमाबाईंनाच रडू यायचं. आज दिवेलागणीला भामाबाई होय की नाही ते विचारायला येणार होती.

ठमाबाईंनी सुई ओवली. दोनदा दोरा नेढ्याच्या बाजूनं गेला, मग एकदाचा आत गेला.

"आता गप ऐक," त्या टाका घालत म्हणाल्या. "ताकाला जाऊन भांडं लपवत न्हाय मी. सिद्धू भला माणूस हाय. सोताची रोपवाटिका हाय, दारूबिरूचं नाव न्हाय. त्याची बी बायको गेली, त्याला बी एकटं ऱ्हाणं ठावं हाय. त्याचा फोन आला की तू परसात जाऊन बोलतीस. डोळं अधू झाल्यात माझं, आंधळी न्हाय झाले."

स्वरूपा दचकली. छातीवरचे खवले खडखडले.

"हलू नगं, सुई लागंल! आगं, माझ्यापायी थांबलीस तर ते पाप कुठं फेडू मी? खरं सांग, जायचंय का तुला? बोलून मला गुंडाळायची सोय न्हाय आता. नुसती मान हलीव."

सुई आत गेली, बाहेर आली. रस्त्यानं दुधाची कॅन अडकवलेली मोटरसायकल गेली, तिचा आवाज पार लांब विरेपर्यंत स्वरूपा तशीच उभी होती. ठमाबाईंनी वर बघितलं नाही. न्हाय म्हण गं बाई, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

गळ्याभोवतीची निळी पिसं हलली. एकदा खाली, मग वर.

"बरं झालं," ठमाबाई म्हणाल्या. "लई बरं झालं बघ."

आणि खरंच त्यांना बरं वाटलं. फक्त एवढ्या घरात आता बोलायला म्हणून कोणी उरणार नव्हतं.

उसवलेलं शिवून झालं होतं. आता गाठ मारायची, दोरा तोडायचा. मग पोरगी तोंड उघडणार, आत्या म्हणून गळ्यात पडणार, आणि दोघींनाही आवरायचं नाही. ठमाबाईंनी गाठ मारली नाही. उसवण संपली होती तिथून पुढं, धडधाकट शिवणीवर, कमरेच्या दिशेनं त्या टाके घालत राहिल्या.

स्वरूपानं मान वाकवून बघितलं. फाटलेलं कुठं संपलं आणि टाके कुठवर आलेत, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. तिनं दातांतला दोरा काढला नाही. हात आणखी जरा वर धरला, आणि आत्यांना नीट दिसावं म्हणून उजेडाकडं वळून उभी राहिली.