पोट्ट्यांच्या आवडीची जागा

प्रेमलताबाई गल्ल्यावर ऐटीत बसल्या, शेजारच्या सुशीलाला समोरच्या बाकावर बसवलं आणि नातीला हुकूम सोडला, "दाखव वं पल्लवी. हिले बी पाहू दे, आपली खानावळ जगभर दिसून राहिली ते."

पल्लवी पुण्यात मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळांसाठी गावं, रस्ते, घरं काढायची. या खेपेस तिनं सौंसरच्या जुन्या रस्त्यावरची आजीची खानावळच खेळात घातली होती. आजीनं ती बातमी रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत पोचवली होती.

पल्लवीनं मोबाइल दोघींच्या मधे धरला. खेळ चालू होता, कुठकुठची पोरं त्यात उतरलेली. आधी नुसतं धुकं. मग मिणमिणता दिवा, पोपडे सुटलेली भिंत, उलट्या टाकलेल्या खुर्च्या, भट्टीत गार राख. कुठंतरी थेंब थेंब पाणी गळत होतं.

"मायबाई! भुताटकीच वाटते वो," सुशीला म्हणाली.

प्रेमलताबाईंचा पारा चढला. "काऊन वं, माह्या खानावळीचं मसण करून टाकलं? पांढुर्ण्याहून ट्रकवाले उपाशी येत होते माह्या हातच्या भाजीसाठी. ते कुठं गेलं?"

"आधी तसंच काढलं होतं न आजी. हिरव्या भिंती, वाफ, भरलेली बाकं. पोट्टे यायचे, दोन गोळ्या झाडायचे अन् निंघून जायचे. कोणी थांबेच नाही."

"मंग?"

पल्लवीनं मान खाली घातली. "मंग दिवाळीत मी फोटो काढले होते न इथं, त्याच्यावरून काढली. जशी हाय तशी. धुकं तेवढं माह्या मनचं. आता पोट्टे इथून हालतच नाही. म्हणतात, साऱ्या खेळात हेच जागा भारी."

सुशीलानं तोंडाला पदर लावला. प्रेमलताबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडेही पाहिलं नाही.

मोबाइलमधल्या खानावळीचं दार कोणीतरी लाथेनं उघडलं. बंदुकीची नळी आत आली, बाकांवरून फिरली, गल्ल्यापाशी येऊन थांबली.

गिऱ्हाईक आलं म्हणून प्रेमलताबाईंचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडे गेला.

"अंदर कोई नहीं है," मोबाइलमधून एका पोराचा आवाज आला. "मस्त जगह है यार. यहीं रुकते हैं."