एक बोट माया

"आई, माया जास्त झालीय," सून म्हणाली आणि अख्ख्या शेडमध्ये हशा पिकला.

सासूबद्दल अशी तक्रार करणारी सून जगात पहिलीच असावी. पण तपासणीच्या टेबलापाशी उभी असलेली सून हसत नव्हती. तिने पॅराशूटची शिवण उलटी करून धरली होती. आत चांगलं बोटभर जादा कापड दडलेलं होतं.

लढाई सुरू व्हायच्या आधी सासू घरी बसून गल्लीतल्या पोरांचे कपडे शिवायची. पोर वाढलं की उसवून सैल करता यावं, म्हणून प्रत्येक शिवणीत माया सोडायची. हाताची सवय ती. कारखान्यात आली म्हणून काय लगेच सुटते!

"असू दे की गं. जादा कापड म्हणजे शिवण पक्की."

"शिवण जाड होते, आई. घडी नीट बसत नाही. मग उघडायला उशीर होतो."

उशीर झाला तर काय, ते सुनेने सांगितलं नाही. सासूचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, विमानातून उड्या मारणाऱ्या तुकडीत होता.

"सगळी उसवावी लागेल," सून म्हणाली. 'पास'च्या शिक्क्याला तिने हात लावला नाही.

हशा विरला. सासूने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग चष्मा पुसला, कापडाचा तो ढीग कवेत घेतला आणि आपल्या मशीनपाशी येऊन कात्रीने टाके उसवायला बसली.

शेजारच्या मशीनवरच्या बाईला राहवेना. "चारचौघांत नाक कापलं की हो सुनेनं! घरी गेल्यावर चांगली खडसावा."

"खडसावू?" सासूने मान वर केली. आता तिचा आवाज शेडच्या पार त्या टोकापर्यंत गेला. "अहो, माझं शिवलेलं परत करायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. हिची झाली! माझं पोर उडी मारतंय ते हिच्या शिक्क्याच्या भरवशावर. खुशाल मारू दे."

तिकडे टेबलापाशी सुनेने पटकन बाहीने डोळे टिपले आणि पुढचं पॅराशूट ओढलं.

शेजारणीचं मशीन मात्र काही सुरू होईना. तिने आपली शिवण उलटी करून उजेडात धरली, बोट लावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुमचं झालं की ती कात्री जरा इकडे द्या."